दीड किलोच्या आत

६ जानेवारी
दुपारी नेहा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. शेठजींच्या सूनबाई; कारखान्याचं सगळं आता त्याच बघतात. खुर्ची दिली, चहा मागवला. तेव्हाच समजलो की विषय मोठा आहे.
दिवाळीपर्यंत नक्षी विणणारा नवीन जेकार्ड माग येणार. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची कार्डं बंद. डिझाईन कॉम्प्युटरवरून सरळ मागावर. म्हणाल्या, "काका, तुम्ही शिकलात तर डिझाईन तुमच्याकडेच. नाहीतर मला बाहेरून फाईली मागवाव्या लागतील. मला ते नको आहे."
"शिकतो," म्हटलं. लगेच. केबिनच्या बाहेर आल्यावर मग वर्षं मोजली.
अठ्ठावीस वर्षं पेन्सिल आणि ग्राफ. एकेक चौकोन रंगवत चादरीवर मोर आणले. आता एक्कावन्नाव्या वर्षी माउस.

७ जाने.
घरी सांगितलं. पद्मा ऑर्डरच्या कडक भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग शिका की. क्लासात पोरांत बसायची लाज वाटते काय?"
वाटते. कबूल नाही केलं.
लेकीने, रेणूने, संधी साधली. तिचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, संख्याशास्त्र. प्रोजेक्ट अर्धा मोबाइलवर, अर्धा कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लागेल तसा. म्हणाली, "नान्ना, दोघांत एकच लॅपटॉप घेऊ. सकाळी तुमचा क्लास, मग माझं कॉलेज. पण स्लिम पाहिजे. चार्जरसकट दीड किलोच्या आत." मध्ये आठवडाभर मावसभावाचा जुना लॅपटॉप नेत होती, दोन बस बदलून. खांदा धरला होता तेव्हा. खरं आहे तिचं.
मला मात्र मोठा स्क्रीन हवा. पाकळीची कड दिसली नाही तर काढू काय?
बजेट ठरलं. ते इथे लिहीत नाही.

१० जाने.
कारखान्यात बातमी फुटली. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याचा सल्ला सगळ्यात पक्का. मैंदर्गीचा सिद्धाप्पा, चार नंबरच्या मागावरचा: "मास्तर, जाडच घ्या. पातळ म्हंजे पापड हाय, कवा मोडंल सांगता येत न्हाय." वाइंडिंगला सूत गुंडाळणाऱ्या लक्ष्मीबाई: "लाल रंगाचा घ्या." एवढंच. का ते सांगितलं नाही.

१२ जाने. रविवार
नवी पेठेत दोन दुकानं पालथी घातली. माझ्याकडे पेन ड्राइव्हवर मॅडमनी दिलेली एका चादरीची फाईल, आणि खिशात त्याच चादरीच्या सुताच्या गुंड्या: मेंदी, मोरपिशी, डाळिंबी. प्रत्येक लॅपटॉपवर फाईल उघडायची, सूत स्क्रीनला लावून बघायचं. पहिल्यावर डाळिंबी विटकरी झाली. दुसऱ्यावर ठीक, पण मान जरा हलवली की मोरपिशी काळी. तिसऱ्यावर सगळंच गुलाबी.
विकणारा पोरगा आधी हसला. नंतर स्वतःच म्हणाला, "सर, थांबा, आत एक आहे, त्याचा स्क्रीन चांगला आहे." तो बरा होता, पण जाड. रेणूने दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याकडे फक्त बघितलं.
परत ठेवला.
दुसऱ्या दुकानात पद्मानं आमची इज्जत घालवली किंवा वाढवली, अजून ठरत नाही. विकणारा म्हणे हा सव्वा किलोचा. प.नं पिशवीतून हुकाचा काटा काढला (चटणीची पाकिटं जोखायचा), कापडी पिशवीत लॅपटॉप आणि चार्जर घातला आणि भर दुकानात लटकवला. पावणेदोन.
"सव्वा म्हणालात ना तुम्ही?"
"मॅडम, ते चार्जर सोडून असतं."
"मग चार्जर काय माझी पोरगी घरी ठेवून जाणार?"
शेजारचं गिऱ्हाईक आपला लॅपटॉप घेऊन आलं. "ताई, हापण बघा जरा." तिनं त्याचाही जोखला.
काही न घेता आलो. येताना पुरीभाजी. तिघंही खुशीत, कारण नाही.

१९ जाने. रविवार
मिळाला.
तिसरं दुकान, जिना चढून वर. काउंटरवर आफरीन नावाची मुलगी, पंचविशीची असेल. आधी काहीच दाखवलं नाही. वही काढली आणि विचारलं, "काम कुणाचं जास्त?"
मी रेणूकडे बोट केलं, रेणूने माझ्याकडे. एकाच वेळी. ती म्हणाली, "बरं, मग दोघांचं धरते."
मला एक फार पातळ आवडला होता. स्क्रीन अप्रतिम, डाळिंबी अगदी डाळिंबी. आफरीननं तो बाजूला सारला. "काका, हा नका घेऊ. ह्याची मेमरी नंतर वाढत नाही, जेवढी आहे तेवढीच. तुमचं डिझाईनचं काम त्याला दोन वर्षांत जड जाईल." महागडा होता तो. विकून मोकळी झाली असती.
मग करड्या रंगाचा एक काढला. चौदा इंची. सूत लावलं: मेंदी किंचित फिकी, बाकी बरोबर. मान हलवली, रंग जागच्या जागी. रेणूने उभ्या उभ्या पानभर टाईप केलं, डोळे मिटून. प.नं काटा काढला तेव्हा आफरीननं पिशवी धरायला मदत केली. चार्जरसकट दीडला थोडा कमी.
"आणि मोठा स्क्रीन हवा असेल तर घरचा टीव्ही जोडा काका, एक वायर लागते फक्त."
अठ्ठावीस वर्षं रंग पारखतोय. माणूस पारखायला आज पाचच मिनिटं लागली.

२० जाने.
लक्ष्मीबाईंनी विचारलं, लाल मिळाला काय. करडा म्हटल्यावर पाठ फिरवून कामाला लागल्या.

३ फेब्रु.
क्लासचा पहिला दिवस, सकाळी सात. मी सोडून सगळे विशीतले. शिकवणाऱ्या सरांनाही मिशी आत्ताच फुटली असावी. मला "अंकल" म्हणाले, मग जीभ चावून "सर". मी म्हटलं, "अंबादास म्हणा." ते काही जमेना त्यांना. शेवटी "मास्तर"वर तडजोड झाली.
पहिली पाकळी काढली. बटाटा झाला.

११ फेब्रु.
अजून बटाटाच. पण आता दोन्ही बाजूंनी सारखा.

१६ फेब्रु. रविवार
आज वैतागलो. दुपारी टीव्हीला जोडून बसलो होतो, तीन तास. सगळी चौकट पुसली गेली. कशी ते माहीत नाही. तोंडातून निघून गेलं, "माझ्याच्यानं हे होणार नाही, सांगतो उद्या मॅडमना."
रेणू बाजूला बसली. कंट्रोल आणि झेड दाबलं. चौकट परत आली. पुन्हा दाबलं, त्याच्या आधीचं आलं. आणखी मागे, आणखी मागे, पार पहिल्या रेषेपर्यंत.
"ग्राफवर चुकलं तर काय करायचात?"
"खोडायचो. जास्त चुकलं तर कागद फाडायचा. दोन दिवस वाया."
"मग? हे सोपं नाही का?"
खरंच की. चुकायची भीती गेली की हात मोकळा होतो. त्यानंतर जास्वंद काढली. जास्वंदच दिसते. प.नं ओळखली, न सांगता.

२ मार्च
घरात नवीन नियम. लॅपटॉपवर जेवायचं नाही (मला). स्क्रीनला बोट लावायचं नाही (मला). दुसऱ्याच्या फाईलीला हात लावायचा नाही (दोघांना). सगळे नियम प.नं केले. तिला लॅपटॉप नकोच आहे.

१८ मार्च
आज पंचाईत. रेणूचं प्रोजेक्ट-सादरीकरण अकराला कॉलेजात. मॅडमना माझं पहिलं पूर्ण डिझाईन एकच्या आत हवं. बाहेरगावचं गिऱ्हाईक यायचं होतं. आणि किनारीचं काम बाकी.
अर्धी सुटी टाकून तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. साडेनऊपासून लायब्ररीत मी किनार भरत बसलो, ती शेजारी ओठ हलवत पाठ करत. अकराला लॅपटॉप तिच्याकडे. मी वर्गाबाहेर बाकावर. दाराच्या फटीतून ऐकू येत होतं. विषय: सोलापुरातल्या बसची वाट किती वेळ पाहावी लागते. आकडे कळले नाहीत, पण तिचा आवाज एकदाही अडला नाही. एका सरांनी आडवा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सर, ते मला माहीत नाही, पण कसं शोधायचं ते सांगू शकते." आत सगळे हसले, चांगलं हसले.
मला त्या बाकावर भरून आलं. आठवी झाल्यावर मी मागावर गेलो.
पावणेबाराला लॅपटॉप परत माझ्याकडे. कॅन्टीनमध्ये जागा मिळाली. एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही कोणता विषय शिकवता?"
"शिकवत नाही. शिकतो."
बारा चाळीसला फाईल पाठवली.

१९ मार्च
मॅडमचा फोन नाही.

२० मार्च
नाही.

२१ मार्च
स्वतः मागापाशी आल्या. "काका, किनार जरा अरुंद करा. बाकी पास. गिऱ्हाईकानं विचारलं, डिझायनर कुठला. मी म्हटलं, इथलाच." सिद्धाप्पानं माग थांबवून ऐकलं. "बगा, पापड मोडला न्हाय," म्हणाला. म्हणजे आधीपासून त्याला खात्रीच होती.

९ एप्रिल
शेजारच्या कारखान्यात नवा माग आलाय. मॅडमनी तिथं माझं सॅम्पल काढून घेतलं. जास्वंद विणून बाहेर येताना पाहिली. इंच इंच. ग्राफच्या दिवसांत करायचो तसाच हात लावून बघितला. त्यात काही फरक नाही.

२२ जून
रेणूचा निकाल. कॉलेजात दुसरी. प.नं गल्लीभर पेढे वाटले, मग परत येऊन एकटीच रडली थोडी. विचारलं तर म्हणाली, "कांदा."
घरात कांदा चिरलेला नव्हता.

१७ जुलै
पुण्याला एम.एस्सी.ची यादी लागली. नाव आहे. हॉस्टेलही मिळेल असं दिसतंय.
सगळं आनंदाचं. चहा होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तिघांचीही नजर टेबलावरच्या लॅपटॉपवर गेली.

२० जुलै
रेणू: "नान्ना, दिवाळीला तुमचा माग येतोय. लॅपटॉप तुमच्याकडे राहू दे. तिथं लॅब आहे."
मी: "लॅबमध्ये नंबर लागेल तसा, हेच ना पुन्हा? मी मॅडमना कारखान्यात कॉम्प्युटर मागतो."
"मागितलात का?"
"मागतो."
"आधी मागा."
मुलगी आकडे शिकली, आता शब्दात धरते.

२४ जुलै
मागितला. मॅडम म्हणाल्या, मागाबरोबर येईल, पण मधल्या तीन महिन्यांची ऑर्डर आहे, ती घरूनच करावी लागेल. घरी अर्धंच सांगितलं. अर्ध्या तासात प.नं उरलेलं काढून घेतलं आणि रेणूला सांगितलं.
दुसरा घ्यायचा तर दिवाळीच्या बोनसनंतर. आफरीनला फोन केला. म्हणाली, "काका, घाईत जुनापुराणा घेऊ नका. चांगला आला तर मी कळवते."

१ ऑगस्ट
काल मी लॅपटॉप तिच्या बॅगेत ठेवला, कपड्यांच्या मध्ये. आज तो माझ्या कपाटात सापडला, शर्टांखाली. दुपारी परत ठेवला. संध्याकाळी परत आला. प. म्हणते, "तुम्हा दोघांना भांडतापण येत नाही नीट."

२ ऑगस्ट
गाडी साडेदहाला. नऊ वाजलेत. प.नं चटणी, कडक भाकरी, लिंबाचं लोणचं बांधलंय. त्या पिशवीचं वजन कुणी विचारू नये. रेणूची आंघोळ झाली, देवाला नमस्कार झाला. मला वाकून नमस्कार करताना म्हणाली, "नान्ना, तीनच महिने. मी भागवते."
म्हटलं, "मीपण तेच म्हणतोय."
रिक्षावाल्यानं दुसरा हॉर्न दिला. ती चप्पल घालतेय. प. म्हणते, कोण उचलतंय ते बोला, मला दार लावायचंय. लॅपटॉप टेबलावरच आहे. एवढं लिहून उठतो.