एकशे सतरा नंबर गिळणारा कॉम्प्युटर

पिपरी मेघे, वर्धा
१९ जानेवारी २००६

चि. प्रफुल यास मधुकरकाकाचे भरपूर आशीर्वाद. (तुझ्या भाषेत सांगायचं तर हे आशीर्वाद फुकटही आहेत आणि मुक्तही आहेत. हवे तितके घे, उरले तर मित्रांना वाट.) तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. तिळगूळ पाकिटात घालणार होतो, पण मागच्या वर्षी तुमच्यापर्यंत नुसते तीळच पोचले असं कळलं, म्हणून यंदा तो आम्हीच खाल्ला. इकडे तुझ्या काकूचे गुडघे थंडीत कुरकुरतात, माझा रक्तदाब वर गेला आहे, आणि दोन्हीचं कारण तू आहेस. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून पत्र लिहितो आहे. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण तो तुला मिळालेलाच नाही, तेव्हा मीही बांधील नाही.

कॉम्प्युटर घ्यायची दुर्बुद्धी मला कशी झाली ते आधी सांगतो. आपल्या समाजाच्या मंडळाची उपवर मुलामुलींची परिचय पुस्तिका मी गेली नऊ वर्षं हाताने लिहून काढतो आणि छापखान्यात नेऊन देतो, हे तू जाणतोसच. मंडळाचे अध्यक्ष अण्णाजी (ज्यांनी आयुष्यात सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही) दसऱ्याच्या आधी मला म्हणाले, "मधुकरराव, आता जमाना कॉम्प्युटरचा हाय. घरीच टाइप करून टाका ना." मीही भुललो, कारण यंदा त्या पुस्तिकेत माझाही जीव अडकला होता. आपल्या रुचिकाला मार्चमध्ये अठ्ठाविसावं लागेल. पुस्तिकेत तिचं नाव जाण्याची ही सहावी खेप. तिची नोंद म्हणजे जेमतेम चार ओळी, पण तुझी काकू वर्षभर त्या चार ओळींवर जगते. घरी टाइप केलं तर निदान आपल्या मुलीची नोंद तरी नीटनेटकी जाईल, असा माझा स्वार्थी हिशोब.

तू तेव्हा रॅम किती, प्रोसेसर कुठला, हार्डडिस्क केवढी अशी यादी पाठवली होतीस. ती मी देवापुढे ठेवली आणि माझ्या पद्धतीने खरेदीला गेलो. मी चौतीस वर्षं भांड्याच्या दुकानात काढली आहेत, मला कोणी घेणं शिकवू नये. धर्मेंद्र म्हणून एक गृहस्थ आहे, पूर्वी झेरॉक्स काढायचा, आता कॉम्प्युटर 'असेंबल' करतो (म्हणजे पाच ठिकाणचे सुटे भाग एका डब्यात कोंबतो आणि वर स्क्रू मारतो). त्याने दोन डबे दाखवले आणि आतला माल सारखाच आहे म्हणाला. मी दोन्ही डबे बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. एक पोकळ वाजला. मग शेजारच्या किराणावाल्याचा काटा मागवून दोन्हींचं वजन केलं. एक भरला साडेसात किलो, दुसरा सव्वाअकरा किलो. धर्मेंद्र म्हणे, "काकाजी, याचा भाव वजनावर नसते ना!" आम्ही काय कालचे आहोत? मी अकराचा घेतला. दिवाळीत तू आलास, स्क्रू काढलेस, आत डोकावलास आणि जमिनीवर बसून हसलास, ते मी विसरलेलो नाही. आतला माल खरंच सारखा निघाला आणि वरचे पावणेचार किलो नुसता पत्रा होता. पण पत्रा कसा आहे ते पाहिलंस? असा जाड पत्रा आता मिळत नाही. उद्या हे यंत्र बंद पडलं तर त्यात वर्षाची तूरडाळ राहील. तुझ्या त्या चपट्या लॅपटॉपमध्ये काय राहील?

आता तुझ्या 'फ्री'कडे वळतो. धर्मेंद्रने डबा देतानाच सांगितलं होतं की सगळं सॉफ्टवेअर फ्री टाकून देतो. चहाच्या पुड्यावर चमचा फ्री मिळतो तसंच हे, असं समजून मी खूश झालो. तू आलास आणि म्हणालास की काका, हे चोरीचं आहे, खरं फ्री वेगळं असतं. मग आमच्याच ओसरीत, आमचाच चिवडा खात, तू दीड तास व्याख्यान दिलंस. तुझं ते लिनक्स कोणीही वापरावं, कोणीही वाटावं, कोणीही उघडून दुरुस्त करावं. त्याला फुकट म्हणायचं नाही, मुक्त म्हणायचं. मी विचारलं की बनवलं कोणी, तर म्हणे जगभरच्या हजारो लोकांनी. कशासाठी, तर म्हणे आनंदासाठी! प्रफुल, आनंदासाठी तांब्या घडवून चौकात ठेवून गेलेला माणूस मी चौतीस वर्षांत पाहिलेला नाही. कोणी ठेवलाच तर तो तांब्या कुठेतरी गळका असणार, एवढी अक्कल मला होती. पण तू इंजिनियर पडलास, म्हणून गप्प बसलो.

पुण्याहून तुझी सीडी पोस्टाने आली. तुझी काकू म्हणाली, नवी वस्तू पूजेशिवाय घरात सुरू करायची नाही. सीडीच्या एका बाजूला छापील नाव होतं. लिहिलेल्यावर स्वस्तिक कसं काढायचं, म्हणून तिने ते दुसऱ्या, कोऱ्या चकचकीत बाजूला काढलं, चांगलं ओल्या कुंकवाने. वर अक्षता वाहिल्या. मी अर्धा तास सीडी उन्हात वाळवली (मला मूर्ख समजू नकोस, ओली वस्तू विजेच्या यंत्रात घालायची नसते हे मला कळतं) आणि आत ढकलली. मिक्सरमध्ये खडा गेल्यावर येतो तसा आवाज आला आणि डबा ती सीडी पुन्हा बाहेरच टाकेना. धर्मेंद्रने येऊन कानात घालायच्या कापसाच्या काड्यांनी आतलं कुंकू पुसलं, तांदळाचे दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "काकाजी, याले जेवाले घालून राह्यले का?" पुढच्या सीडीबरोबर तू लाल शाईने 'पूजा करू नये' असं लिहून पाठवलंस. काकूला ते फार लागलं. तिने मग नुसत्या पाकिटाची पूजा केली.

एकदाचं ते सुरू झालं. रुचिका आठ दिवसांत मराठी टाइप करायला शिकली. मी शिकलो नाही, कारण 'क्ष' सापडेपर्यंत भारनियमनाची वेळ व्हायची. ती शाळेत शिकवून दोनला घरी यायची, मी शेजारी बसून अर्ज वाचायचो, ती पाचपर्यंत टाइप करायची. पहिल्या शंभर नावांचं प्रूफ छापखान्यातून डिसेंबरअखेर आलं आणि माझा तांब्या गळायला लागला. पडद्यावर सगळं ठीक, कागदावर एकूण एक ऱ्हस्व वेलांटी गायब! तू म्हणालास, दोष छापखान्याच्या फाँटचा. छापखानेवाला म्हणाला, दोष तुमच्या फुकट्याचा. तुमच्या भांडणात समाजाचं काय झालं ते ऐक. 'पिता दिवंगत' असेल तिथे 'पता दवंगत' आलं. जिथे जिथे मुलगा 'निर्व्यसनी' होता तिथे 'नर्व्यसनी' छापलं, म्हणजे नरही आणि व्यसनीही. हिंगणघाटच्या मंडळींच्या गावाचं काय झालं ते मी लिहीत नाही, वेलांटी काढून तूच वाच. अण्णाजींनी (नको तिथे उत्साह) ते प्रूफ सेलूपर्यंत फिरवलं. केळझरच्या लीलाबाई थेट घरी आल्या. "भाऊजी, माह्या पोराले व्यसनी काऊन लिवलं? तो तं सुपारीबी खात नाई!" त्यांना दोन कप चहा पाजला, तरी जाताना माझ्याकडे वळून वळून पाहत होत्या.

रुचिकाने छापखान्यात चार फेऱ्या घालून फाँटचा घोळ निस्तरला आणि उरलेली नावं भराभर उरकली. शेवटचं प्रूफ तिनेच तपासलं. पंधरा तारखेच्या रविवारी मेळावा, चौदाला पुस्तिका हातात. काकूने डोळ्यांना चष्मा लावून आधी आपली मुलगी शोधली. एकशे सोळा नंबर, आष्टीचा मुलगा. त्यानंतर थेट एकशे अठरा, आर्वीची मुलगी. एकशे सतरा नाहीच! दोनशे चौदा मुलंमुली आहेत आणि आमची रुचिका तेवढी गेली. काकू मेळाव्याच्या मांडवात पुस्तिका मांडीवर घेऊन बसली होती आणि पुन्हा पुन्हा पहिल्या पानापासून बोट फिरवत होती. घरी येऊन ढसाढसा रडली. मला ते पाहवलं नाही, खरं सांगतो. रुचिकाने तिला पाणी आणून दिलं आणि ती स्वयंपाकाला लागली. अण्णाजी आता एका पानाची पुरवणी काढू म्हणतात, काकू म्हणते लगेच काढा. आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो आहे, की माझ्या पुतण्याच्या फुकट्या सॉफ्टवेअरने माझी मुलगी गिळली. हजारो लोकांनी आनंदाने बनवलं म्हणे! त्यातल्या एकालाही उपवर मुलगी नसावी.

तर असा तुझ्या मुक्तीचा महिमा. आता मोठेपणी काय शिकलास ते जरा तपासून पाहा, दूधदही खात जा, आणि थोरल्यांना व्याख्यान देण्याआधी त्यांच्या चिवड्याची लाज बाळग. इति.

तुझा
मधुकरकाका

ता. क. काकू विचारते आहे की एकशे सतरा नंबर त्याच्या पोटातून परत काढता येतो का. काढता येत असल्यास कळव.

ता. क. दुसरा. वरचं सगळं काकूने वाचलं (माझं प्रत्येक पत्र टाकण्याआधी ती वाचते, लग्नापासूनची पद्धत आहे), 'बरं झापलं' म्हणाली आणि पाकिटात घालून दिलं. आता मी वर्धेच्या पोस्टात बाकावर बसून मनिऑर्डरच्या फॉर्मच्या पाठीवर लिहितो आहे. हा कागद वाचून फाडून टाक.

एकशे सतरा नंबर कॉम्प्युटरने गिळला नाही. मी काढला. सहा तारखेला दुपारी मी अर्ज वाचत होतो, एकशे सोळा झाला. पुढचा वाचावा लागला नाही, तो तिला पाठ होता. नाव, शिक्षण, उंची पाच फूट एक इंच. मग ती थांबली आणि तिने मला विचारलं, "बाबा, मागच्या साली रंग काय लिहिला होता, गव्हाळ का निमगोरा?" अगदी साधं विचारलं. दुकानात मी गिऱ्हाइकाला विचारतो ना, पितळी पाहिजे का स्टीलची, तसं. नऊ वर्षं मी लोकांच्या मुलींचा रंग मोठ्याने वाचत आलो, पण त्या दिवशी मी हातातले अर्ज उगाच सारखे करत बसलो. मी गव्हाळ म्हणालो. तिने टाइप केलं आणि चहा ठेवायला उठली.

मला त्या यंत्रात फारसं काही येत नाही. पण ओळी निळ्या करायच्या आणि एक बटण दाबायचं, एवढं तिच्याकडे पाहून आलं होतं. ती चहा घेऊन आली. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कप माझ्या हातात दिला आणि एकशे अठरापासून पुढे टाइप करू लागली. त्यावर आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. त्या दिवसापासून ती स्वयंपाक करताना गुणगुणते, एवढं मात्र ऐकतो आहे.

काकूला खरं सांगायची माझी छाती नाही. म्हणून रविवारी फोन करून तूच तिला सांग की लिनक्समध्ये असं होतं, कधी कधी एखादं नाव जातं, आणि पुरवणी काढली तर त्यातूनही पुन्हा जाईल, तेव्हा एक वर्ष थांबलेलं बरं. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे, आणि तुझ्या सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता हेही. पण आळ त्याच्यावरच येऊ दे रे. त्याला कुठे स्थळं यायची आहेत!