वांगी रंगाचा ट्रक आणि ह्यांचा परतीचा प्रवास

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल, सांग बघू मिने? शेजारची तोकुए! पाहुणे दुपारी यायचे, तर ही सकाळीच हजर, हातात एक वांगं घेऊन. म्हणे, नवरा गेल्यावरचं तुझं हे पहिलं ओबोन, पितरांच्या परतीच्या बैलासाठी वांगं आहे ना? मी म्हटलं, ठेव तिकडे, आमच्या बैलाचं मी बघते. तर गेली नाही ती गेलीच नाही. पाहुणे येणार हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. (मीच सांगितलं असेल.)

अगं हो, आधी तुझी खुशाली. त्सुरुओकाला उकाडा आहे का? तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही बरे आहेत, बसताना तेवढे कुरकुरतात. आणि माझं अक्षर बघून हसू नकोस. शाळेत गेले तेवढ्या दिवसांत जेवढं आलं तेवढंच येतं. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे आणि नीट बसून वाच, कारण आपल्या नातवाचं, शुहेईचं लग्न त्या दिवशी मोडता मोडता राहिलं.

मादोका नावाची मुलगी त्याने पसंत केलीय हे तुला ठाऊक आहेच. तिचे वडील कुरोसाका साहेब ह्यांच्यासाठी धूप लावायला येतो म्हणाले. धूप कसला, घर बघायचं होतं, मला काय कळत नाही? मादोकाने शुहेईला बजावलं होतं की बाबांसमोर खेळण्यांचा विषय नको. आपला शुहेई ते यंत्रमानव जमवतो ना, नवीन निघाला की चांगला का वाईट ते इंटरनेटवर लिहितो आणि माणसं ते वाचतातही. (पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, घाबरू नकोस.) त्याने सकाळीच सगळे यंत्रमानव गाद्यांच्या कपाटात कोंबले आणि मग तो स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेला. नेमकं तेव्हाच त्याचं पार्सल आलं.

आता आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, घरात काही आलं की आधी पितरांपुढे ठेवायचं. खोकं चौरंगावर मावेना, म्हणून उघडलं. आत ट्रक निघाला. अगदी वांगी रंगाचा, तुकतुकीत! मिने, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं बघ. तुझ्या भावोजींनी जन्मभर खडीचा ट्रक चालवला. अशा माणसाला येताना काकडीच्या घोड्यावर बसवलं ते ठीक, पण जाताना वांग्याच्या बैलावरून रखडत पाठवायचं? तसंही परसातली सगळी वांगी मी कोंड्यात मुरवायला घातली होती. म्हणून काकडीच्या घोड्याशेजारी ट्रक ठेवला, तोंड दाराकडे करून. (ट्रक मागे घ्यायला त्यांना कधीच आवडायचं नाही.)

पाहुणे आले, मादोका आणि तिचे आईवडील. शुहेईचे आईबाप ओसाकाहून यायचे होते, त्यांची गाडी चुकली, म्हणजे घरात मोठी मीच. कुरोसाका साहेब उंच, गप्प, कपाळावर आठी. सरळ चौरंगापुढे बसले, धूप लावला, घंटी वाजवली, हात जोडले. जोडले ते सोडेचनात. तोकुए माझ्या कानात म्हणते, ‘‘न पाहिलेल्या माणसासाठी केवढा गं हा भाव!’’ मला भरूनच आलं. मग माझं लक्ष शुहेईकडे गेलं. पोराचा चेहरा टोफूसारखा पांढरा.

शेवटी कुरोसाका साहेब हात न सोडताच म्हणाले, ‘‘हा जांभळा कधी निघाला?’’

हा ट्रक त्यांच्या लहानपणीचा निघाला, गं! तेव्हा लाल यायचा. दोनचार कळा फिरवल्या की उभा राहून माणूस होतो. तोच साचा, नुसता रंग बदलून पुन्हा विकायला काढलाय. ह्यांच्या फोटोला वाकून नमस्कार करून साहेबांनी तो उचलला आणि तळहातावर तोलला. ‘‘हलका केलाय. आमचा पायावर पडला तर नख जायचं.’’ शुहेई म्हणाला, सांधे मात्र आता घट्ट आहेत. साहेब म्हणाले, हं. इथवर ठीक चाललं होतं. मग ते म्हणाले, ‘‘रंगाचा मात्र सत्यानाश. हा ट्रक लालच हवा.’’

हो म्हणायला काय जात होतं? पण आपलं पोर आजोबांवर गेलंय. म्हणालं, ‘‘नाही, हाच रंग चांगला आहे. लाल तुम्हाला आवडला, कारण तुम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतात.’’

मादोका चटईकडे बघतेय, तोकुए (वाडगं घेऊन गप्प बसावं की नाही!) मान लांब करून बघतेय. मी उठून मुरवलेली वांगी आणली. आईच्या पद्धतीची, रंग टिकायला गंजका खिळा घातलेली. साहेबांनी चॉपस्टिकने एक वांगं उचललं आणि ट्रकशेजारी धरलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. ‘‘जांभळा म्हणजे असा हवा,’’ म्हणाले आणि पुरावा खाऊन टाकला. मग दुसरा पुरावा घेतला. शुहेईनेही एक घेतला. बशी संपेपर्यंत दोघांचं ठरलं की रंग वाईट नाही, फक्त एक छटा फिका आहे.

‘‘पोरगा हट्टी आहे,’’ साहेब बायकोला म्हणाले.

‘‘बरं झालं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता वाद घालायला तुम्हाला माणूस मिळालं. मी जरा झोपेन.’’

आठी गेली. मादोका हसली. मग जावई-सासरे (होऊ घातलेले) ट्रकचा माणूस करायला बसले, आणि मधेच अडकला की तो! पाय माणसाचे, डोकं ट्रकचं. दोघांची डोकी एकमेकांना टेकली, चहा गार झाला, खांदा काही खाली येईना. जोर लावू नका, साहेब म्हणाले, माझ्या भावाकडे जुन्या ट्रकचा माहितीचा कागद आहे, तो घेऊन येतो. आणि दारात चपला घालताना हळूच म्हणाले, ‘‘तेव्हा बाकीचंही बोलून घेऊ, आजी.’’ मी त्यांच्या टॅक्सीला वळणापर्यंत वाकून नमस्कार केला. कंबर अजून दुखतेय.

सोळा ऑगस्टला ओबोन संपलं, सगळ्यांनी आपापल्या पितरांना निरोप दिला. आमचे हे मात्र इथेच. वाहनच अडकलंय, जाणार कसे? मी फोटोला सांगितलं, राहा थोडे दिवस, नातसुनेची बोलणी ऐकूनच जा.

तुझी,
सेत्सुताई

ता. क. ती खांद्याची कळ काखेत आहे. पाहुणे यायच्या आधी मी ट्रकचा माणूस आणि माणसाचा ट्रक तीनदा करून पाहिला होता. शुहेईचा फोन आला तर बोलशील बिलशील! अडकलाय म्हणून तर ते पुन्हा येणार.

आणखी एक. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं की तुझ्याकडची ती छोटी गोल वांगी टोपलीभर पाठव. आमची संपली. तोकुएने बैलासाठी आणलेलं वांगंही मी सकाळीच कोंड्यात खुपसलं होतं, आणि अर्धवट मुरलेलं तेही साहेबांनीच खाल्लं. नीट मुरायला दिवस लागतात, तेव्हा उशीर करू नकोस. ते सगळे मंगळवारी येतो म्हणालेत, तेवीस सप्टेंबरला, दुपारच्या आधी.