दंतवैद्याच्या गाडीतला आवाज

सोमवार, ११ मार्च

प्रिय धाकट्या,

तुला, सूनबाईंना आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. उन्हाचा त्रास होतो म्हणून अण्णांची खुर्ची गॅरेजच्या दारातून आत घेतली आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा कधी दुखतो, कधी नाही. स्वयंपाकाचा कंटाळा आला की जास्त दुखतो असं माझं निरीक्षण आहे. तिला सांगू नकोस.

काल घरी पोचल्यावर तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. हात ग्रीसनं भरलेले होते. शिवाय गाडीसारखी गोष्ट फोनवर बोलण्याची नव्हे, कागदावर असलेली बरी. सुट्या भागांचा टेम्पोवाला सोमवारी आणि गुरुवारी तुमच्या गावाला येतोच, त्याच्या हाती हे पत्र देतोय.

तू विचारलंस, जुनी घ्यावी की नवी. जुनी गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याच्या सवयी विकत घेणं. आधीचा मालक क्लचवर पाय ठेवून चालवायचा की नाही, ऑइल वेळेवर बदलायचा की नाही, हे त्यालाच ठाऊक, आणि विकणारा माणूस कधी खरं सांगत नाही. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की किंमत उतरते हे खरं, पण काही बिघडलं तर कंपनी बघते, तुला बघावं लागत नाही. बदली झाल्यामुळे तुला रोज तीस किलोमीटर जाऊन शिकवायचंय. रस्त्यात बंद पडलास तर तिकडे पोरं वर्ग डोक्यावर घेतील.

काल आपण पाहिली ती दंतवैद्याची गाडी दिसायला झकास आहे, मी नाही म्हणत नाही. सगळीकडून चुंबक फिरवून पाहिलं, कुठेही पोचे बुजवायला पुट्टी भरलेली नाही. सात वर्षांत पेडलची रबरं झिजावीत तेवढीच झिजलीत. सर्व्हिसचं पुस्तक तर शहाण्या मुलाच्या वहीसारखं. पण टायमिंग चेनचा आवाज मी ऐकला तो ऐकला. चेन सैल झाली की आज ना उद्या इंजिन बसतं. तेव्हा नवी घे आणि मोकळा हो.

तुमचं बरं आहे, पहिल्या तारखेला पगार. आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवे झालो, दारात स्वतःची म्हणावी अशी एक नाही. हे मी हेव्यानं म्हणत नाही, सहज आपलं.

अण्णा तुझी आठवण काढतात. रोज काढतात. मी समोर उभा असलो तरी काढतात.

तुझा,
दादा


गुरुवार, १४ मार्च

धाकट्या,

काल संध्याकाळी तुझा फोन वहिनीनं घेतला. शनिवारी तू नव्या गाडीचे पैसे भरायला जाणार आहेस असं कळलं. सूनबाईंनी शिलाईच्या दुकानासाठी पाहिलेला गाळा सोडून दिला, हेही कळलं. दोन्ही एकदम जमत नाही म्हणे. वहिनीनं तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले: “दादानं सांगितलं ना, मग विषय संपला.” फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “तुम्हाला त्या गाडीत नक्की काय ऐकू आलं?”

मी जेवण अर्धं टाकून उठलो.

आता तुला सांगतो. मला काहीच ऐकू आलं नाही. चेनचा आवाज नाही आणि इंजिनचाही जेमतेम. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तो म्हणाला, चाळीस वर्षं लोखंडावर हातोडा मारलात, आणखी काय होणार, यंत्र लावून घ्या. उजवा जवळजवळ गेलाय, डावा गेल्यात जमा. फोन उचलत नाही तो म्हणून, ग्रीसबिस काही नव्हतं. जे हाताला लागतं, डोळ्यांना दिसतं, तेवढंच हल्ली मी बघतो. इंजिनच्या आवाजाची तक्रार घेऊन कोणी आलं तर समोरच्या गॅरेजकडे पाठवतो आणि वेळ नाही म्हणतो. लोकांना वाटतं माझा धंदा जोरात आहे. यंत्र घेतलेलं नाही. ते लावून अण्णांसमोर उभं राहायचं माझ्याच्यानं होत नाही.

पण मग गप्प बसायचं होतं. खोटं का बोललो, तेही लिहितो.

रविवारी दंतवैद्यानं किल्ली फिरवली आणि मी नेहमीसारखा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावली. अण्णांनी शिकवलंय तसंच. बोटांना थरथर कळत होती, कानाला काही नाही. मी मान वर केली तर तू बाजूला उभा होतास. डोकं एका बाजूला कललेलं, डोळे अर्धे मिटलेले. नऊ वर्षांचा असताना रस्त्यावरून येणारी गाडी कोणाची आहे ते ती वळायच्या आधी सांगायचास, तेव्हा जसा दिसायचास अगदी तसा. आणि मग तू हसलास, थोडंसंच, चांगलं गाणं लागल्यावर माणूस हसतो तसं. त्या हसण्यावरून मला कळलं की इंजिन ठणठणीत आहे. माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात एवढी खात्रीची तपासणी मी केलेली नाही.

त्याच क्षणी अण्णांनी खुर्चीतून विचारलं, “काय रे, कसं वाटतंय?” मला नाही, तुला. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात, अंगावर कळकट कपडे माझे, आणि प्रश्न शाळामास्तरला. तू काही बोलायच्या आत मी म्हटलं, “चेन सैल आहे. घेऊ नकोस.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता पकडलं यानं. आणि तू म्हणालास, “मला काही जाणवलं नाही, पण दादाला ऐकू आलं म्हणजे असणारच. माझा कान आता वर्गातल्या गोंगाटाचा.” अण्णांनी मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा तुझ्या कानावर माझा शब्द वरचढ ठरला. खरं सांगतो, दोन दिवस मला जेवण गोड लागलं.

तुला आठवत नसेल, पण मला ती दुपार पाठ आहे. एका गिऱ्हाइकाला अण्णा म्हणाले होते, “धाकट्याला कान आहे, थोरल्याला हात आहेत.” अरे, हात तर माकडालाही असतात. तेव्हापासून तुझा कान मला सलतो. दात आहेत त्याला चणे नाहीत म्हणतात, तशी आपली गत. कान तुझा, आणि तू गेलास फळ्यापुढे. गॅरेज माझं, आणि मी तीन तीन वेळा ऐकून एक दोष शोधायचो. तू टाकून दिलेल्या गोष्टीसाठी मी जीव टाकत होतो. तू शिकायला गेलास तेव्हा स्टँडवर सगळे रडत होते. मी पण रडलो, पण घरी परतताना हलकं वाटत होतं. मला वाटलं, आता अण्णा मला विचारतील.

त्यांनी विचारलं नाही असं नाही. पण दर वेळी आधी विचारायचे, “धाकटा कधी येतोय?”

असो. झालं ते निस्तरायला घेतलं आहे. आज सकाळी दंतवैद्याकडे जाऊन आलो. गाडी अजून विकलेली नाही, एक गिऱ्हाईक उद्या येणार होतं. मी सांगितलं, दोष गाडीत नव्हता, तपासणाऱ्यात होता. त्यानं दात बघावेत तसं माझ्याकडे बघितलं. रविवारपर्यंत कोणाला देणार नाही म्हणाला. तू शनिवारी पैसे भरू नकोस. रविवारी ये, इंजिन थंड असताना स्वतः सुरू कर, आणि या वेळी तुझ्या कानाचंच ऐक. जुनी असली तरी एका हातची, नीट जपलेली गाडी आहे. अशी गाडी नव्या गाडीच्या निम्म्या किमतीला मिळते आणि दहा वर्षं तक्रार करत नाही. हे मात्र मी हातानं आणि डोळ्यांनी पाहून सांगतोय, त्यात खोट नाही. सूनबाईंना म्हणावं, गाळेवाल्याला आजच फोन करा. आणि त्यांची माफी मागायला मी येईन. पत्रात ती मागणं बरं दिसत नाही.

हे लिहून मी शहाणा झालो असं समजू नकोस. तुझा हेवा मला आजही वाटतो, हे लिहितानाही वाटतोय.

एकच विनंती. अण्णांना यातलं काही सांगू नकोस, ते मी सांगेन. चेनचं खोटं आणि माझ्या कानांचं खरं, दोन्ही. तू सांगितलंस तर ते मला एका शब्दानं बोलणार नाहीत, फक्त तुझ्या कानाचं कौतुक करतील, आणि तेवढं मात्र मला अजूनही स्पष्ट ऐकू येतं.

तुझ्यावर जळणारा आणि तरी तुझाच,
दादा