पडद्यावरची मुलगी आणि जुनी शपथ

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
भिरभिऱ्याचा शि. सा. न.

पत्र पोचलं. मी मजेत. पुन्हा नोकरी बदलली म्हणून ओरडू नकोस. आता दोरीला लटकून उंच इमारतींना काचा बसवतो. जमिनीवर मला करमत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तुमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं वाचून मजा वाटली. एआयने बनवलेली पडद्यावरची मुलगी, तिच्याशी बोलून ओळखायचं की घरी तिला कुणी मारतं का, आणि शंका आली तरी त्याच दिवशी बालसंरक्षण कार्यालयाला कळवायचं. आणि आमच्या ताईबाई त्यात दोनदा नापास! पाढे चुकलो की माझा कान पिळणारी तू! पण खरं सांग, अडतं कुठे?

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
भिरभिऱ्या

ता. १४ ऑगस्ट

चि. भिरभिऱ्यास अनेक आशीर्वाद.

हसून घे. आता तिसऱ्यांदा नापास झाले. ती मुलगी बाही खाली ओढते, मग हळूच म्हणते, बाई, कुणाला सांगू नका ना. आणि दर वेळी माझ्या तोंडून निघून जातं, नाही सांगणार गं. तिथेच सगळं थांबतं आणि लिहून येतं की असं वचन द्यायचं नाही.

नियम मला पाठ आहे रे. पण ती तसं म्हणाली की काकाचं घर आठवतं, त्याचा पट्टा आठवतो, आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून, कुणाला सांगू नकोस, अशी शपथ घालणारा तू. मी ती पाळली. तू पाचवीतच शाळा, घर, सगळं सोडून पळालास. आता एकच फेरी उरली आहे. पडद्यापुढे जमत नाही, तर खऱ्या मुलापुढे काय करणार मी?

तुझी ताई

ता. २५ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

जेवणाच्या सुट्टीत पत्र वाचलं. डबा तसाच राहिला. अगं, मी दहाचा, तर तू तेराची. तू तरी केवढी होतीस?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. शपथ घातली खरी, पण रोज दाराकडे बघत बसायचो. वाटायचं, ताईने सांगितलं असेल, आता कुणीतरी येईल. सांगू नका म्हणणारं पोरगं घाबरलेलं असतं, एवढंच. तेव्हा ती शपथ आज मी सोडवतो. सुटली! त्या पोरीला सांग, मी गप्प बसणार नाही, पण तुला एकटंही सोडणार नाही. रुसेल ती. रुसू दे.

तुझाच,
भिरभिऱ्या

ता. १९ सप्टेंबर

चि. भिरभिऱ्यास अनेक आशीर्वाद.

पास झाले! तुझेच शब्द बोलले. पोरगी रुसली, पण बोलली.

खरी बातमी पुढेच आहे. सोमवारी माझ्या वर्गातला एक मुलगा बाकाला पाठ टेकेना. जवळ बसले तर म्हणाला, कुणाला सांगू नका. मी म्हटलं, तुला मदत करतील त्यांना सांगावंच लागेल मला, आणि यात तुझी काहीच चूक नाही. त्याने तोंड फिरवलं. मी मुख्याध्यापकांच्या खोलीतून स्वतः बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावला. दुपारी कार्यालयातल्या बाई आल्या. आता तो आजीकडे राहतोय.

तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आज फळा पुसायला आपणहून उठला. वर हात पोचेना, तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाला, बाई, खुर्ची द्या. मी दिली, आणि त्याचं पुसून होईपर्यंत ती धरून उभी राहिले.

अशीच माया राहू दे रे.

तुझी ताई