बाबांच्या तारेची पोच

३ फेब्रु.
आई जाऊन दहा दिवस. रडू आलं नाही. निधनाची बातमी मीच पाठवली, एक कॉलम, फोटोसह. संपादकांनी एकही शब्द कापला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.
बाबांना सांगितलेलं नाही. ताईचा हुकूम: पक्षाघाताचा माणूस, धक्का नको. आई गुडघ्याच्या उपचाराला वडीगोद्रीला, मामाकडे, असं ठरलंय. घरचा पेपरही बंद केला. बातमीदाराच्या घरात पेपर नाही.
बाबांची वाचा गेली, डावा हात तेवढा शाबूत राहिला. आठवडाभर चमच्याने खाटेच्या लोखंडी नळीवर ठोकत असतात. नोकरी सगळी परतूरच्या तार ऑफिसात. नुसतं ठोकणं नसावं. ताई म्हणते, चमचा काढून घे, डोकं उठलं.

५ फेब्रु.
मोबाइलवर मोर्स, तारेची लिपी, शिकून राह्यलो. लहान शिट्टी, लांब शिट्टी. म्हणजे लघु-गुरू! कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा आळीतले हसले होते, पंडित म्हणायचे. A लघु-गुरू, N गुरू-लघु, K तर सरळ र गण, गुरू-लघु-गुरू. तीस वर्षांनी वृत्तं कामी येताहेत, तीही इंग्रजी अक्षरांच्या.

८ फेब्रु.
शिट्ट्या ओळखतो. बाबांचं काहीच ओळखत नाही. त्यांचे सगळे ठोके सारखे. एक ठोका एक लघु धरून उतरवलं: पानभर H (चार लघु) आणि S (तीन). ताईने वाचून पाहिलं. म्हणे, हे काय, साप बोलून राह्यला का?

११ फेब्रु.
ठोक्यांचं रेकॉर्डिंग घेऊन जुन्या जालन्यात शेखकाकांकडे गेल्तो. तार ऑफिसात बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. डोळे मिटून ऐकलं. माझ्या शिट्ट्या ऐकवल्यावर मात्र हसले.
"आमच्या यंत्राला शिट्टी नव्हतीच, पंडित. पट्टी खाली पडली की खट, वर उठली की खट. दोन खट मिळून एक. जवळजवळ असले तर लहान, दूर असले तर लांब."
म्हणजे मी प्रत्येक खुणेच्या दोन करत होतो.
बाबा काय म्हणतात, विचारलं. चहा ओतत राहिले. "तार ज्याच्या नावाची, त्यालाच वाचायचा हक. तुझ्या नावाची आहे, तू घे."
जिन्यापर्यंत सोडायला आले. "पोच मिळाल्याबिगर तारवाला थांबत न्हाई. म्हणून तेच तेच पाठवून राह्यला. उतरलं की R ठोकायचा, बस. जल्दी दे."

१४ फेब्रु.
जोड्यांनी ऐकतो. S. पुढचं निसटलं. मग A, N, T, A. आईचं नाव. पेन्सिल खाली ठेवली. एसटी स्टँडवर प्यायला पाणी नाही, ही बातमी पाठवली. वेळेत गेली.

१६ फेब्रु.
सगळं उतरलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, तारेत द्यायचे तसं.
SHANTA KADHI VARLI. शांता कधी वारली.
कुठे आहे, असं नाही. कशी आहे, असंही नाही.
ताईला दाखवलं. तिने कागद पालथा घातला.
"तू वाचलंच न्हाई, असं समज."
म्हटलं, ते पाठवतच राहणार.
"आन् पोच दिली की उत्तर मागणार."
बराबर आहे तिचं. छातीत काही होईल म्हणून वाट पाहिली. झालं नाही. दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी घेतली.

१७ फेब्रु.
ताई बाजारात. दुसरा चमचा आणला, नळीवर R ठोकला. लघु, गुरू, लघु. सहा खट.
बाबा थांबले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. चमचा पांघरुणावर ठेवला, सावकाश, टेबलावर ठेवावा तसा. माझ्या हाताकडे बघू लागले.
उत्तर म्हणजे तारीख. मोर्समध्ये आकड्यांच्या खुणा वेगळ्या. त्या मी शिकलोच नाही.
अक्षरांतही पाठवता येईल, हे कळतं. अर्धा तास झाला. बाबांची नजर हातावरच. एका हाताने हे लिहितोय, दुसऱ्यात चमचा