वसंताच्या वरातीची घोडी

१८ जुलै १९६१
देवीची लस टोचायला नाल्यापलीकडच्या गावात गेलो. काळ्या मातीत सायकलचं चाक फिरत नाही, म्हणून मैनेवर, माझ्या घोडीवर. पोरच आहे अजून, तीन वर्षांची, पण पाय रोवून चालते.
घरी आलो तर बा म्हणाला, "वसंताची वरात हिच्यावरच काढू. मोठ्या गल्लीतून."
मोठ्या गल्लीतून आमच्यातलं कुणी घोड्यावर बसून गेलेलं नाही. धम्म घेतल्यापासून घरातलं पहिलं लग्न. मुहूर्ताची भानगड नाही, आश्विन पौर्णिमा ठरवली. धाकट्या भावाचं लग्न, घोडी माझी. छाती फुगली.

६ ऑगस्ट
मैना दिवसभर नाल्याकाठी चरते. कोवळं गवत, पोटभर. वर चंदी म्हणून भिजवलेला हरभरा नि गूळ. लोक थांबून बघतात.
शांता म्हणते, "तिले काहून एवढं भरवून राहिले? मी पोटुशी होती तवा मले नाई भरवलं असं."
हसलो.

११ सप्टेंबर
काल पोळा. बैलांसोबत मैनेलाही पुरण चारलं. मान जाड झालीय, वरची चरबी हाताला घट्ट लागते. शांतानं कुशीवर हात दाबून पाहिला. "बरगडी लागत नाई हो."
"वरातीत काय बरगड्या दाखवाच्या?" असं बोललो.

२२ सप्टेंबर
सकाळी मैना हलेना. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे, निखाऱ्यावर उभी असल्यासारखी. मला वाटलं माजली. छडी मारली. पुन्हा मारली. ओढत नाल्यापर्यंत नेली, तिथे रस्त्यातच बसली.
शांता धावत आली, खुराला हात लावला. "तापले हायेत. मारता काय!"
लोकांची पोरं टोचताना हात हलका ठेवणारा मी.

२४ सप्टेंबर
अकोल्याहून गुरांचे डॉक्टर आले. खुरांच्या आत सूज. कोवळं गवत आणि चंदी, दोन्ही जास्त झालं म्हणाले. आता वाळलेलं गवत तेवढं, तेही बेतानं. गार चिखलात उभी ठेवायची. पाठीवर कुणी बसायचं नाही.
विचारलं, वरातीपर्यंत?
"नाही," म्हणत त्यांनी पिशवी आवरली.
बाला सांगितलं, होईल बरी.

१२ ऑक्टोबर
मैना उपाशी. मी दिसलो की मान वर करून खिंकाळते. खिंकाळणं ऐकवत नाही, म्हणून मागच्या दारानं जातो.
अकोल्याच्या जुन्या शहरातला बँड ठरला. बा घरोघर सांगून राहिला. वसंतानं विचारलं, "दादा, चालन ना थे?"
"चालेल."
का म्हणालो तसं? खरं सांगायला अजून वेळ होता, पण...

२४ ऑक्टोबर
काल लग्न झालं.
मैनेवर झूल घातली. वसंतानं रिकिबीत पाय ठेवला. तिनं आवाज केला नाही, फक्त अंगभर थरथरली. वसंतानं पाय काढला.
"मी नाई बसत."
बा म्हणाला, "बस. लोक उभे हायेत."
"उभे राहू दे त्याईले."
बँडच्या पुढे पायीच निघाला. मोठ्या गल्लीत एका ओट्यावरून कुणी ओरडलं, "घोडी कुठी गेली रे?" बाकीचे हसले. वसंतानं मान खाली घातली नाही. मी सगळ्यांत मागे.
रात्रभर ते हसणंच कानात होतं. तिच्या खुरांची आठवण सकाळी झाली. 
बानं विचारलं, "तुले कधीपासून मालूम होतं?" सांगितलं. तो उठून गेला.

९ नोव्हेंबर
बरगडी आता हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर म्हणाले अशीच राहू द्या. पुढच्या पावसाळ्यात चरायला थोडाच वेळ सोडायची. माणूस पेलेल की नाही, ते वर्षानं बघू. खुरांवर वळ उठलेत.
मी गावं पायी करतो. बा माझ्याशी बोलत नाही. मैनेकडे मात्र रोज जातो. आज तिचे खूर साफ करत बसला होता. मी तिचा पाय धरायला वाकलो.  बा थोडा सरकला.
मैनेनं पाय ओढून घेतला.
मी तिथंच वाकून राहिलो, हात पुढे करून.