तीन मिनिटांसाठी धुळ्याला

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, दुपारी बारा

तीर्थस्वरूप चंदनअक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, अमृतलालचा, जय जिनेंद्र आणि पायलागणं. तुझी तब्येत कशी आहे? (काल संध्याकाळीच तुला डोळ्यांनी बघितलं, गुडघा सोडला तर ठणठणीत आहेस, पण पत्रात विचारायचं असतं म्हणून विचारलं.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून, आणि माझ्यामुळे तेही फारसे नाहीत.

पत्राचं कारण असं की काल ताट उचलताना तू विचारलंस, हे रोज रोज धुळ्याला येणं किती दिवस चालायचं? मी चूळ भरली, चप्पल घातली आणि बस पकडायला पळालो. काय करणार? तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, हे मी सत्तर वर्षं सोसतोय. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर मुळापासून सांगतो. दिवाळीनंतर माझी डावी पोटरी सुजली ती दुधी भोपळ्याएवढी. डॉक्टर म्हणाले, आत रक्ताची गुठळी आहे, वर सरकून फुप्फुसात गेली तर आटोपलंच. माझं रक्त म्हणे जन्मापासूनच गरजेपेक्षा लवकर गोठणारं. (बापूजी म्हणायचे, अमृतला घाई फार. बघ, रक्तापर्यंत पोचली.) रक्तात एक एन्झाइम असतं, ते गोठायचा हुकूम सोडतं. कारखान्यात बनवलेली ही नवी गोळी जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवते. बारा तासांनी तिचा हात दुखतो, मग दुसरी गोळी पाठवायची. म्हणून बरोबर बारा तासांनी, दिवसातून दोनदा. डॉक्टर हे बोलले आणि मी मान हलवली. तिथंच फसलो.

कारण तुला माहीत आहे, तुझ्यासारखाच मीही चौविहारवाला. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, गोळी तर नाहीच. सकाळी नवकारसी, म्हणजे सूर्य उगवून अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत तोंड बंद. आता या थंडीत दिवस केवढा? बोटभर. सकाळची गोळी पावणेआठला, संध्याकाळची पावणेसहाला. बारा तासांत दोन तास कमी पडतात! पारस म्हणाला, बाबा, व्रत सोडा. मी म्हटलं, तू दुकान सोड. दोन दिवस अबोला झाला. घरात एका बाजूला माझा जीव, दुसऱ्या बाजूला माझं एकतीस वर्षांचं व्रत, आणि मध्ये सूनबाई आयुषी मोबाइल घेऊन.

तिनं शोध लावला. धुळं पश्चिमेला, तिथं सूर्य जळगावपेक्षा तीन मिनिटं उशिरा मावळतो. भुसावळ पूर्वेला, तिथं जवळजवळ एक मिनिट लवकर उगवतो. म्हणजे चार मिनिटांचा फायदा! (पारसने पुढे हिशेब केला, सुरतेला गेलो तर अकरा मिनिटं. तो अरबस्तानापर्यंत पोचला तेव्हा मी मोबाइल काढून घेतला.) तेव्हापासून सकाळी भुसावळच्या फलाटावर घड्याळ हातात धरून पहिली गोळी, आणि अडीचच्या बसने निघून तुझ्या गच्चीवर सूर्याकडे तोंड करून दुसरी. फलाटावरचा पोलीस आता मला नमस्कार करतो. पहिल्या दिवशी त्याने पिशवी तपासली होती. बसचा कंडक्टर निंबा रोज विचारतो, "नाना, आज बी चालनात का?" पाय आखडू नये म्हणून मी एरंडोलला उतरतो, पारोळ्याला उतरतो, बसला एक फेरी मारून परत चढतो. माझ्यामागून दोन म्हाताऱ्याही फेरी मारायला लागल्या आहेत. कशासाठी ते त्यांनी अजून विचारलेलं नाही.

आता सांग, यात माझं काय चुकलं?

तुझा भाऊ,
अमृतलाल

ता. क. : आपल्या जैन स्थानकात साध्वी महासतीजींच्या कानावर गेलं. त्या हसून म्हणाल्या, आजारपणात औषधाला सूट ठेवता येते, पहिल्याच दिवशी विचारायचं होतं. हे पारसला कळू देऊ नको, तो वर्षभर बोलून दाखवील.

ता. क. दुसरं : डॉक्टरांनाही कळलं. पोटरीत गुठळी असलेला माणूस रोज पाच तास बसमध्ये बसतो हे ऐकून ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी मिळते, रात्री काही घेत नाही हे सांगितलं का नाही? मी म्हटलं, तुम्ही विचारलं का नाही? ती गोळी मी सकाळच्या जेवणासोबत दुकानातच घेतो. आज बारा दिवस झाले. सूज उतरली आहे.

ता. क. तिसरं : हो, बारा दिवस. भुसावळच्या फलाटावर आणि तुझ्या गच्चीवर खातो ती बडीशेपेची गोळी आहे. घरी सांगितलेलं नाही. अक्का, तुझी भाभी गेल्यापासून आमच्याकडे सगळे रात्री नऊला एकत्र जेवतात, आणि मी साडेपाचला भिंतीकडे बघत एकटा. घास उतरत नाही गं. दिवस मावळायच्या आत माझ्याबरोबर ताटावर बसणारी आता तूच एक उरलीस. पारसचा फोन आला तर काही बोलू नको. आणि हे पत्र घेऊन संध्याकाळी मीच येतोय, तर आज भाकरी दोनच टाक, काल तीन झाल्या.